कामगारातला ‘गार’ कोणाचा?

शब्द कुठून आला हे कळले की तो कोणाचा हेही कळले, असा एक समज आपल्याकडे इतका रुजला आहे की तो कोणी तपासूनही पाहत नाही. शाळेतल्या व्याकरणात याच समजापोटी प्रत्ययांचे कप्पे केलेले असतात. संस्कृत प्रत्यय एकीकडे, मराठी दुसरीकडे, फारसी तिसरीकडे. ‘-पण’ आणि ‘-करी’ मराठीच्या कप्प्यात. ‘-दार’, ‘-गिरी’, ‘-खाना’, ‘-बाज’ फारसीच्या. मुले तो तक्ता पाठ करतात. मोठेपणी त्यांतले काही जण परके प्रत्यय हाकलून भाषा स्वच्छ करावी असे म्हणू लागतात. आणखी काही जण त्याच तक्त्यावर बोट ठेवून मराठी मुळातच सरमिसळ आहे, तिच्या शुद्धतेची चिंता कशाला, असे सांगतात. दोघांची भांडणे जोरात चालतात, पण दोघे उभे आहेत त्या एकाच पायावर. तो पाया कच्चा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्यय एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जात नाही. जातात ते शब्द. त्या शब्दांमधून प्रत्यय कापून वेगळा काढण्याचे काम नव्या भाषेच्या बोलणाऱ्यांनाच करावे लागते. म्हणून ‘-दार’ हा मराठी माणसांनी मराठीत घडवलेला प्रत्यय आहे, त्याचा कच्चा माल इराणकडून आलेला असला तरी. आणि अशा घडवलेल्या प्रत्ययांत समाजाचा निवाडा साठलेला असतो: कोण स्वतःचे काम करतो, कोण दुसऱ्याच्या कामावर आहे, आणि कोणाच्या मुठीत काय आहे.

हे तपासायला आकुर्डीइतकी सोयीची जागा नाही. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरचे हे गाव. 1960 च्या दशकात इथे बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला, 1962 मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीने आसपासचा माळ गाळ्यांनी आणि शेडनी भरला, आणि शेताच्या बांधांवर कंपन्यांची कुंपणे आली. देहू सोडल्यावर तुकोबांच्या पालखीचा पहिला मुक्काम आजही इथल्याच विठ्ठल मंदिरात पडतो. त्या रात्री एका गावात वारकरी, शेतकरी, गावकरी, कामगार, ठेकेदार, दुकानदार, नोकरदार आणि भाडेकरू एकत्र असतात. ही यादी पुन्हा एकदा वाचावी. माणसाची ओळख प्रत्येक वेळी शब्दाच्या शेवटी ठरते.

1. कापता येतो तोच प्रत्यय

आधी प्रत्यय कशाला म्हणायचे ते ठरवू. सारखा शेवट म्हणजे प्रत्यय नव्हे. आकुर्डी, निगडी, दापोडी ही तिन्ही नावे ‘डी’ने संपतात. पण ‘डी’ काढून टाकला की ‘आकुर’, ‘निग’, ‘दापो’ असे तुकडे उरतात आणि आजच्या कोणाही मराठी बोलणाऱ्याला त्यांचा अर्थ सांगता येत नाही. शेजारची काळेवाडी, फुगेवाडी, कासारवाडी घ्या. शाळेत न गेलेला माणूसही ‘काळे’ आणि ‘वाडी’ वेगळे करून दाखवील, आणि उद्या नवी वस्ती झाली तर तिला तशाच धर्तीचे नाव देईल. काळेवाडीतली ‘वाडी’ आज जिवंत आहे. आकुर्डीतला ‘डी’ एके काळी काहीही असो, आज तो नुसता ध्वनी आहे.

हीच कसोटी ‘पगार’ आणि ‘कामगार’ या जोडीला लावा. दोन्ही शब्द ‘गार’ने संपतात, दोन्ही एकाच वाक्यात येतात, यमकही जुळते. पण पगार हा पोर्तुगीज शब्द. ‘पगार’ म्हणजे पैसे देणे, आणि त्यातला ‘आर’ हा त्या भाषेतल्या क्रियापदाचा शेवट आहे. मराठी माणसाने पगाराचे ‘प’ आणि ‘गार’ असे तुकडे कधी केले नाहीत. कामगाराचे मात्र केले, कारण ‘काम’ त्याच्या हाताशी होते. कान दोन्ही शब्दांना सारखाच ऐकतो, बोलणाऱ्याची बुद्धी मात्र त्यांना वेगळे ठेवते.

याचा अर्थ असा की प्रत्यय ही वस्तू शब्दात पडून नसते. बोलणाऱ्यांच्या समजुतीत ती असते. एका भाषेच्या समजुतीतून दुसऱ्या भाषेच्या समजुतीत ती उचलून ठेवता येत नाही. तिथे ती नव्याने तयार व्हावी लागते.

2. तो तयार कसा होतो

तीन टप्पे दिसतात.

पहिला टप्पा जोड्यांचा. जमीन आणि जमीनदार, दुकान आणि दुकानदार, फौज आणि फौजदार असे शब्द फारसीतून मराठीत आले ते अख्खे आले. त्या घडीला ‘-दार’ मराठीत नव्हता. पण मूळ शब्द आणि लांबवलेला शब्द दोन्ही वापरात राहिले, अशा जोड्या वाढत गेल्या, आणि केव्हा तरी बोलणाऱ्याच्या मनात फरक उमटला: शेवटी ‘दार’ आला की तो माणूस त्या वस्तूचा धनी.

दुसरा टप्पा प्रयोगाचा. कापून काढलेला तुकडा आपल्या घरच्या शब्दाला लावून पाहायचा. चिठ्ठीला फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा, जोडला आणि चिटणीस झाला. छापाला ‘खाना’ जोडला, छापखाना झाला. ‘खाना’ तर मराठी राज्यव्यवहारात इतका मुरला की ‘बारा महाल अठरा कारखाने’ या बांधणीत तोफखाना, जामदारखाना, नगारखाना, उष्ट्रखाना सगळे एका ओळीत बसले. गाडीला ‘वान’ लावून गाडीवान केला; तो ‘वान’ राखणाऱ्याचा, फारसी बागवानातला. गुणवान-धनवानातला संस्कृत ‘वान’ निराळा. मराठीने दोघांना शेजारी शेजारी नांदवले आणि कोणाची अडचण झाली नाही.

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. प्रत्यय मूळ अर्थ सोडून चालू लागतो. ‘दार’ म्हणजे धरणारा, बाळगणारा. पण मराठीत तो माणसांवरून वस्तूंवर गेला आणि गुण सांगू लागला: टोकदार, धारदार, वळणदार, डौलदार, चवदार. लेथवर काम करणारा माणूस ‘कड धारदार राहिली, पापुद्रा काढ’ असे म्हणतो तेव्हा त्याच्या बोलण्यात कोणी कोणाचा धनी नसतो. डोळे पाणीदार असतात, सुरीही पाणीदार असते. ‘पाणी’ आपले, त्याचा हा तेजाचा अर्थ आपला, आणि त्याला ‘दार’ लावण्याची कल्पनाही आपली.

क्रिकेटमधली जोडी याहून बोलकी आहे. फारसी ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. तीर फेकणारा तिरंदाज, तोफेचा गोळा फेकणारा गोलंदाज. चेंडू फेकणाऱ्यासाठी जुन्या तोफखान्यातला गोलंदाज उचलला, हे सरळच. पण मग फळी घेऊन उभा राहणारा फलंदाज कसा? तो काहीच फेकत नाही. मराठीने ‘-अंदाज’मधला फेकण्याचा अर्थ गाळून टाकला आणि ‘खेळात अमुक काम करणारा’ एवढाच ठेवला. फारसी जाणणारा माणूस याला चूक म्हणेल. मी याला मालकीचा पुरावा म्हणतो. दुसऱ्याच्या वस्तूची अशी मोडतोड कोणी करत नाही.

3. जगातही हेच घडते

हा मराठीचा खास गुण किंवा दोष नाही. इंग्रजीतला ‘-एबल’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या शब्दांत शिरून आला. इंग्रजांनी तो कापला आणि ‘ड्रिंक’, ‘वॉश’, ‘रीड’ अशा आपल्या अस्सल जुन्या क्रियापदांना लावला. याहून मोठे उदाहरण ‘बेकर’, ‘मिलर’ यांतल्या ‘-अर’चे. इंग्रजीचा याहून घरगुती प्रत्यय सापडणार नाही. तरी अभ्यासक तो लॅटिनच्या ‘-आरिउस’पर्यंत नेतात, जर्मानिक भाषांनी तो फार जुन्या काळीच आत्मसात केला. ‘-अर’ रोमन आहे म्हणून तो टाकून द्या असे तिथे कोणी म्हणत नाही.

तुर्की ‘-जी’ किंवा ‘-ची’ हा धंदा सांगणारा प्रत्यय. उस्मानी राज्याबरोबर गेलेल्या शब्दांतून तो सर्बियन आणि बल्गेरियन भाषांत ‘-जिया’ होऊन स्थिरावला. फारसीमार्गे तो आपल्याकडेही पोहोचला, मशालची आणि तबलची या शब्दांत. मराठीने तबलचीचा तबलजी केला. आज ऐकणाऱ्याला त्यात आदराचा ‘जी’ ऐकू येतो. एकाच प्रत्ययाचे दोन टोकांना दोन संसार झाले, आणि दोन्ही ठिकाणी अर्थ ठरवला तो तिथल्याच लोकांनी.

दक्षिणेकडे पाहिले तर नमुना आणखी जवळचा आहे. तमिळमध्ये ‘वेलै’ म्हणजे काम आणि ‘वेलैक्कारन्’ म्हणजे कामाचा माणूस. ‘वेलै’ द्राविडी, आणि ‘-कारन्’ संस्कृत ‘-कार’पासूनचा मानला जातो. कन्नडमध्ये ‘केलस’ म्हणजे काम आणि ‘केलसगार’ म्हणजे काम करणारा. इथेही ‘-गार’ची वाट संस्कृत ‘-कार’कडे जाते. आपल्या कामगाराशी हा शब्द ताडून पाहावा: बांधणी तीच, ध्वनीही तोच, पण कन्नडमधल्या ‘-गार’ला फारसी म्हणण्याचे कारण नाही. मग शतकानुशतके कन्नडशी खेटून वाढलेल्या मराठीतला ‘-गार’ निव्वळ फारसीच, हे इतक्या खात्रीने का सांगावे? मला वाटते, दोन्ही बाजूंनी एकच ध्वनी कानावर पडत राहिला म्हणून तो मराठीत सहज बसला. कप्पे करणाऱ्यांच्या तक्त्यात अशा दुहेरी जन्माला जागाच नसते.

4. ‘कामगार’ या शब्दाची झडती

आता मूळ प्रश्नाकडे. फारसी कोशात ‘कामगार’ हा शब्द आहे, पण तिथे ‘काम’ म्हणजे इच्छा. ज्याची इच्छा पूर्ण झाली तो, म्हणजे भाग्यवान, सामर्थ्यवान, तो फारसीतला कामगार. आपल्या ‘कामा’चे मूळ ‘कर्म’ आहे. म्हणजे उच्चार जुळतो आणि अर्थ एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. मराठी कामगार फारसी कामगारापासून आलेला नाही, हे यावरून उघड व्हावे. तो इथेच, आपल्या ‘कामा’ला कापून काढलेला ‘-गार’ लावून तयार झाला.

तोही लगेच आजच्या अर्थाने नव्हे. गावाच्या कागदपत्रांत ‘गावकामगार पाटील’ असे असते. ‘कामगार तलाठी’ हा शब्दप्रयोग आजही कानावर पडतो. तिथे कामगार म्हणजे मजुरी करणारा नव्हे, सरकारी काम ज्याच्याकडे सोपवले आहे तो अधिकारी. मुंबईत गिरण्या आल्या, हजारो माणसे एका छपराखाली ठरावीक वेळी दुसऱ्याच्या यंत्रावर उभी राहू लागली, आणि त्यांच्यासाठी शब्द हवा झाला. ‘मजूर’ होताच, आणि तो टिकलाही; डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये काढलेला पक्ष स्वतंत्र मजूर पक्ष होता. पण 1928 च्या मोठ्या संपाच्या वर्षी उभी राहिलेली संघटना गिरणी कामगार युनियन होती. माझा तर्क असा की ‘कामगार’ शब्दात जुन्या अधिकाराची, सोपवलेल्या कामाची जी प्रतिष्ठा उरली होती ती लढणाऱ्या माणसांना हवीशी वाटली. मजूर श्रम विकतो. कामगाराकडे काम सोपवलेले असते, म्हणून त्याचा त्या कामावर काही हक्कही असतो.

याच्या जोडीला ‘सल्लागार’ पाहा. हिंदीत ‘सलाहकार’ आहे, ‘कार’ने संपणारा. मराठीने तो ‘गार’वर आणला. म्हणजे ‘-गार’ आपल्या मनात स्वतंत्र साचा होऊन बसला होता आणि येणाऱ्या शब्दाला त्या साच्यात बसवण्याइतका तो बळकट होता. आज त्याचे बळ सरले आहे. ‘-गार’ लावून नवा शब्द कोणी करत नाही. प्रत्ययही म्हातारे होतात.

5. करणारा, कामावरचा आणि धरणारा

इथे माझ्या म्हणण्याचा दुसरा भाग येतो. मराठीकडे माणसाचे काम सांगणारे अनेक प्रत्यय आहेत. ते एकमेकांचे पर्याय असते तर भाषेने इतके जवळ बाळगले नसते. त्यांच्यात वाटणी आहे.

‘-करी’ हा ‘करणे’तून आलेला, आपल्या घरचा. शेतकरी, वारकरी, टाळकरी, पहारेकरी, कष्टकरी. यांत माणूस आणि त्याचे काम यांच्यामध्ये तिसरा कोणी उभा नसतो. वारकऱ्याला वारीला कोणी लावलेले नसते. शेतकऱ्याचे शेत दुसऱ्याचे असले तरी करणे त्याचे असते. ‘-गार’ लागला की काम कोणीतरी दिलेले असते. ‘-दार’ लागला की काम बाजूला पडते आणि धरून ठेवणे पुढे येते: जमीन, हिस्सा, वतन, ठेका.

ही वाटणी जुनी आहे. गडावर राहून गड राखणारे ते गडकरी, आणि गड ज्याच्या हुकमाखाली तो किल्लेदार. भिंतीवर रात्र काढणारा आणि किल्ल्यांचा जुडगा बाळगणारा यांच्यातले अंतर दोन प्रत्ययांत मावले. 1844 मध्ये कोल्हापूर संस्थानात इंग्रजांविरुद्ध उठाव झाला त्याला इतिहास गडकऱ्यांचे बंड म्हणतो. स्वतंत्र भारताच्या उंबरठ्यावर, 1947-48 मध्ये, केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी उभारलेल्या पक्षाचे नाव शेतकरी कामगार पक्ष. काम करणाऱ्यांच्या दोन तऱ्हा, ‘-करी’ आणि ‘-गार’, तिथे शेजारी आल्या, आणि ‘-दार’ सगळे बाहेर राहिले.

आता एमआयडीसीतल्या गेटवर या. कंत्राट हा शब्द युरोपियनांबरोबर आलेला. मराठीने त्याला दोन प्रत्यय लावले आणि दोन माणसे तयार केली. ‘-दार’ लावून कंत्राटदार: कंत्राट ज्याच्या हातात आहे तो. ‘-ई’ लावून कंत्राटी: जो स्वतः कंत्राटाच्या हातात आहे तो. मूळ शब्द एक, कागद एक, गेटही एक. 1970 चा कायदा कंत्राटी कामगारांच्या नियमनाचा आणि निर्मूलनाचा होता. त्यातली गुंतागुंत समजावून सांगायला वकील लागत असे, पण त्या दोघांचे नाते काय आहे हे दोन प्रत्यय ऐकणाऱ्याला तत्काळ सांगतात.

अस्थिर कामाचे बाकीचे शब्दही बघा. बदली, हंगामी, कंत्राटी, रोजंदारीवरचा. यांत माणसाला स्वतःचे नाम मिळत नाही. तो बदली कामगार असतो, हंगामी कामगार असतो, त्याच्या कामाच्या मुदतीचे विशेषण त्याला चिकटवलेले असते. ‘-ई’ हा प्रत्यय काही हलका नाही; सरकारी, दुधी, बनारसी यांतही तोच आहे. पण ज्याला स्वतःचा ‘-करी’, ‘-गार’ किंवा ‘-दार’ देता येत नाही त्याला भाषा विशेषणावर भागवते. म्हणूनच ‘परमनंट झाला का?’ हा प्रश्न या पट्ट्यात लग्नाच्या बैठकीतही विचारला जातो.

आणि संप झाला की? काल कामगार असलेला माणूस वर्तमानपत्रात ‘संपकरी’ होतो. काम दुसऱ्याने दिलेले होते, संप त्याने स्वतः केलेला आहे. ‘-गार’ उतरवून ‘-करी’ चढवण्याची ही क्रिया कोणी ठरवून केलेली नाही, बातमीदारालाही ती जाणवत नसेल. मराठीचा जो भाग कोणी शिकवत नाही तो असा काम करतो.

6. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: ही वाटणी ओढूनताणून लावलेली आहे. नोकरदार तर दुसऱ्याच्या कामावर असतो, त्याला ‘-दार’ कसा? आक्षेप रास्त आहे, पण उत्तर त्याच शब्दात आहे. मराठीत नोकर आणि नोकरदार हे दोन निराळे वर्ग आहेत. नोकराला मालक असतो, नोकरदाराजवळ नोकरी असते. महिन्याचा पगार, फंड, रजा हे ज्याने मुठीत धरले तो नोकरदार. ‘पगारदार नोकरांची सहकारी पतसंस्था’ या पाटीवर दोन्ही शब्द एकत्र येतात, आणि कर्ज मिळते ते ‘पगारदार’ असण्यावर, ‘नोकर’ असण्यावर नव्हे. गुन्हेगार आणि मारेकरी ही उदाहरणेही दिली जातील. गुन्हेगार फारसीतून अख्खा आलेला, त्यामुळे मराठीची वाटणी त्याला लागू होण्याचे कारण नाही. मारेकरी सुपारी घेणारा असला तरी घाव त्याच्या हातचा असतो, म्हणून ‘-करी’.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे शब्द सत्तेबरोबर आले, त्यांना हटवणे हा स्वाभिमानाचा भाग आहे, आणि ही परंपरा थेट शिवाजी महाराजांच्या राजव्यवहारकोशापर्यंत जाते. त्या कोशाबद्दल मला आदर आहे. सुमारे 1400 शब्दांना पर्याय देणारे ते काम म्हणजे नव्या राज्याने स्वतःच्या कारभाराला दिलेला आवाज होता. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, हे राज्याच्या शिखरावरचे बदल होते आणि ते अर्थपूर्ण होते. पण त्याच राज्यात हवालदार राहिले, सुभेदार राहिले, आणि महाराजांच्या विश्वासातले बाळाजी आवजी चिटणीसच राहिले. पदाचे नाव बदलता येते, कारण नाव हा शब्द असतो. प्रत्यय बदलायचा तर लाखो लोकांची शब्द घडवण्याची सवय बदलावी लागते. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीने दिनांक, महापौर, चित्रपट असे उत्तम शब्द दिले आणि आपण ते आनंदाने वापरतो. माधव जूलियन यांच्यासारखा, 1925 मध्ये फारसी-मराठी कोश देणारा कवीही पुढे ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहिण्यापर्यंत गेला. तरीही चवदार, धारदार, टोकदार जागचे हलले नाहीत. ते परके आहेत हे कोणाला जाणवलेच नाही, आणि जाणवले नाही याचे कारण ते परके उरले नव्हते.

काही जण इथे मध्यस्थी करतात. फारसी आणि संस्कृत भावंडेच, तेव्हा वाद कशाला? हे नाते खरे आहे. ‘दार’ आणि ‘धर’ एकाच मुळाचे. त्यामुळे सूत्रधारापासून झालेला सुतार आणि त्याला काम देणारा ठेकेदार हे प्रत्ययाच्या बाजूने दूरचे चुलतभाऊ लागतात. ‘-गार’ आणि लोहकाराच्या लोहारातला ‘-आर’ यांचेही तसेच. स्तान आणि स्थान, बंद आणि बंध. मला ही नाती जोडायला आवडतात. पण माझा दावा मी त्यांवर उभा करत नाही. तसे केले तर ‘-दार’ला आत घेतले ते त्याचे कुळ पाहूनच, असे होईल. उद्या ज्याचे कुळ जुळत नाही असा तुर्की ‘-जी’ दाराशी आला तर त्याला काय सांगणार? तबलजी आपला आहे तो कुळामुळे नाही.

तिसरा आक्षेप आजचा: असे म्हणत गेलो तर इंग्रजीच्या लोंढ्यालाही ‘आपलेच’ म्हणावे लागेल. नाही. माझी कसोटी सैल नाही, उलट कडक आहे. कापून आपल्या शब्दाला लावला का, एवढेच ती विचारते. ती इंग्रजीला लावून पाहू.

7. ‘-अर’ अजून का कापला गेला नाही

आकुर्डी ते चाकण या पट्ट्यात फिटर, टर्नर, वेल्डर, हेल्पर, सुपरवायझर, ऑपरेटर हे शब्द दोन-तीन पिढ्या रोज बोलले जात आहेत. ड्रायव्हर आणि कंडक्टर त्याहून जुने. जोड्याही आहेत: वेल्डिंग-वेल्डर, ट्रेनिंग-ट्रेनर. पहिला टप्पा केव्हाच पुरा झाला. तरी एकाही मराठी धातूला ‘-अर’ किंवा ‘-इंग’ लागून रुळलेला शब्द झालेला नाही. जोडणी करणारा ‘जोडर’ होत नाही. तो फिटरच राहतो.

उलट दिशेने मात्र काम जोरात चालू आहे. मराठीचा ‘-की’ इंग्रजी शब्दांना बिनदिक्कत लागतो: मास्तरकी, डॉक्टरकी, ड्रायव्हरकी, जशी पाटीलकी. ‘-गिरी’ लागतो: हिरोगिरी. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ग्रंथाला ‘गुलामगिरी’ नाव दिले, 2006 च्या एका हिंदी चित्रपटाने ‘गांधीगिरी’ घराघरांत नेली. सव्वाशेहून अधिक वर्षे हा प्रत्यय ताजा आहे. ‘-वाला’ तर कशालाही लागतो: टेम्पोवाले, युनियनवाले, कंपनीवाले. या पट्ट्याच्या राजकारणात जमिनी असलेले जुने रहिवासी स्वतःला ‘गावकरी’ क्वचितच म्हणतात, ते ‘गाववाले’ असतात, आणि बाकीचे ‘बाहेरचे’.

म्हणजे मराठीची यंत्रणा बंद पडलेली नाही. मग इंग्रजी प्रत्ययच का कापले जात नाहीत? मला याचे कारण कामाच्या कागदात दिसते. आदिलशाही-निजामशाहीच्या काळात वरचा दरबार फारसीत चालला तरी गावाचे, परगण्याचे हिशेब मराठीत आणि मोडीत लिहिले जात होते. फारसी शब्द कारकुनाच्या टाकातून मराठी वाक्यात उतरत होता. नवे पद निर्माण झाले, नवी वस्तू आली की तिला नाव देण्याची पाळी त्या कारकुनावर येत होती, आणि हाताशी जे तुकडे होते त्यांतून तो चिटणीस घडवत होता. आजच्या कारखान्यात बोलणे मराठी-हिंदीत होते, पण ड्रॉइंग इंग्रजीत, प्रोसेस शीट इंग्रजीत, ऑडिटची फाइल इंग्रजीत. नव्या कामाचे नाव वरून तयार होऊन येते. खाली ते फक्त उच्चारायचे असते. ज्याला नाव ठेवावे लागत नाही त्याला प्रत्यय कापावा लागत नाही.

तेव्हा इंग्रजी शब्दांची संख्या मोजून घाबरणाऱ्यांना, आणि ती संख्या दाखवून निवांत राहणाऱ्यांना, मी एकच गोष्ट मोजायला सांगेन: मराठीतून काम करताना मराठी माणसाने या वर्षी किती कामांना स्वतः नाव दिले.

अशी नावे अजून पडतात. दुचाकीला मोठी चौकोनी पिशवी बांधून इथल्या प्राधिकरण वसाहतीच्या गल्ल्यांत जेवण पोहोचवणाऱ्या मुलाला कंपन्या ‘पार्टनर’ म्हणतात. कोशात याला मराठी प्रतिशब्द आहे, सोपा आणि जुना: भागीदार. पण आकुर्डीत त्याला भागीदार म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही. दार उघडणारी बाई आत वळून ‘डिलिव्हरीवाला आलाय’ असेच सांगते. त्याच्या हातात भाग नाही, हे तिला दिसते, म्हणून ती ‘-दार’ लावत नाही.